अनुपशय : मात्रा वाढविण्यापूर्वीचा विचार

पावसाळ्याच्या दिवसांत मालवण किनाऱ्यावरील कोणत्याही वैद्याच्या दवाखान्यात सांधे धरलेल्या रुग्णांची रीघ लागते. त्यांपैकी बहुतेकांना आपण काही ठरलेली औषधे देतो, काहींना बरे वाटते, काहींना वाटत नाही. ज्यांना बरे वाटत नाही ते पुन्हा येतात. त्या वेळी आपली लेखणी सहजपणे एकाच दिशेने वळते. दोन गोळ्यांच्या चार होतात, सकाळ-संध्याकाळचा काढा त्रिकाळ होतो, आठवड्यातून दोनदा असलेला अभ्यंग रोजचा होतो. रुग्णही समाधानाने मान डोलावतो, कारण वैद्याने आपले गांभीर्य ओळखले असे त्याला वाटते. प्रस्तुत लेखात आम्हांला या एका सवयीचा विचार करावयाचा आहे. जो उपाय लागू पडला नाही तोच अधिक जोराने करण्याची ही सवय रुग्णाला, वैद्याला आणि अखेर शास्त्रालाही निराशेकडे नेते, असे आमचे मत झाले आहे. हे मत आम्ही ग्रंथांवरून तर बनविलेच आहे, परंतु त्याआधी आमच्या स्वतःच्या एका चुकीवरून बनविले आहे.

शास्त्राधार

निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती यांचा समावेश होतो, हे आपणां सर्वांस विद्यार्थिदशेपासून पाठ आहे. यांतील उपशय हे अंग परीक्षेपुरते लक्षात राहते आणि व्यवसायात मागे पडते. औषध, अन्न आणि विहार यांच्या सुखकर उपयोगाला उपशय म्हटले आहे. हेतुविपरीत, व्याधिविपरीत, उभयविपरीत आणि या तिन्हींचे विपरीतार्थकारी असे सहा प्रकार, आणि प्रत्येकाचे औषध, अन्न व विहार असे तीन भेद मिळून अठरा प्रकारचा उपशय सांगितला आहे. याच्या उलट ज्यामुळे रुग्णास असुख होते तो अनुपशय.

या दोहोंचे प्रयोजन चरकाचार्यांनी स्पष्ट केले आहे. ज्या व्याधीची लक्षणे गूढ आहेत, त्याची परीक्षा उपशय आणि अनुपशय यांच्या साहाय्याने करावी, असा त्यांचा आदेश आहे. म्हणजे औषध लागू न पडणे ही शास्त्राच्या दृष्टीने केवळ एक दुर्दैवी घटना नाही. ते एक परीक्षासाधन आहे. नाडी, जिव्हा आणि मल-मूत्र यांच्या परीक्षेतून जसे ज्ञान होते, तसेच अनुपशयातूनही होते. नाडी पाहून मिळालेले ज्ञान आपण टाकून देत नाही. मग अनुपशयाने मिळालेले ज्ञान मात्र मात्रा दुप्पट करून का झाकून टाकावे?

ऊरुस्तंभाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. मांड्यांचे जाड्य आणि स्तंभ पाहून वैद्य तो वातव्याधी समजतो आणि स्नेहन करतो. वातव्याधी असेल तर स्नेहाने आराम पडेल. ऊरुस्तंभ असेल तर त्याच स्नेहाने व्याधी वाढेल, कारण तेथे कफ, मेद आणि आम यांचा संबंध आहे आणि चिकित्सा रूक्ष हवी. येथे तेल हीच कसोटी ठरते. कसोटीने उत्तर दिल्यावर तेलाची वाटी मोठी करणारा वैद्य प्रश्न विचारतो, परंतु उत्तर ऐकत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आतुरोपक्रमणीय अध्यायात, याविषयी थेट मार्गदर्शन आहे. एखाद्या क्रियेने गुण न आला तर दुसरी क्रिया योजावी. परंतु पहिल्या क्रियेचा वेग शांत झाल्यावर योजावी, कारण क्रियांचा संकर हितकर नसतो, असा त्या वचनाचा आशय आहे. यात दोन सूचना आहेत आणि दोन्ही आपल्याला गैरसोयीच्या आहेत. पहिली सूचना मात्रा वाढविण्याच्या सवयीला बाध आणते. दुसरी सूचना एका औषधावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असा थर रचण्याच्या सवयीला बाध आणते. गुण आला नाही तर थांबावे, पहिल्या क्रियेचा वेग ओसरू द्यावा आणि मग बदलावे, असा हा क्रम आहे.

एक रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी श्रावणाच्या आरंभी पन्नाशीच्या आसपासची एक मत्स्यविक्रेती आमच्याकडे आली. दोन्ही मनगटे, बोटांची पेरे आणि गुडघे सुजले होते. सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळत नसत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारीस बंदी असते आणि ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात जातात. तिच्या दृष्टीने कमाईचा हंगाम तोंडावर आला होता. पहाटे लिलावाला बसायचे, बर्फातील मासळी निवडायची आणि ओल्या लुगड्याने दुपारपर्यंत बाजारात बसायचे, हा तिचा नित्यक्रम होता.

वय, श्रम, शीत आणि जलसंपर्क पाहून आम्ही संधिगत वात असे निदान केले. महानारायण तेलाचा अभ्यंग, नाडीस्वेद, योगराज गुग्गुळ आणि दुधातून अश्वगंधा अशी योजना केली. घरी उंडीचे तेल होते, तेही लावण्यास सांगितले. दहा दिवसांनी ती आली तेव्हा सूज तशीच होती. आम्ही गोळ्या दुप्पट केल्या, अभ्यंग रोज केला. पुढील भेटीत जिभेवर जाड थर होता, भूक नव्हती, अंगात कणकण होती. आम्ही त्याचा दोष पावसाला, सुक्या मासळीला आणि तिच्या अपथ्याला दिला. गोळ्या तिप्पट केल्या आणि आणखी एक स्निग्ध कल्प जोडला. या प्रकारे सहा आठवडे गेले.

अखेर एके दिवशी तीच म्हणाली, “डाक्टरानू, त्याल लावलंय काय सांदे जास्तच जड जातत. तुमी सांगलात म्हणान लावतंय.”

निदानपंचकातील चौथे अंग त्या बाईने एका वाक्यात आमच्यासमोर ठेवले होते. तेही पहिल्यांदाच नव्हे. केसपत्रावरील जुन्या नोंदी आम्ही त्या रात्री काढून पाहिल्या. दुसऱ्या भेटीच्या नोंदीत आमच्याच हस्ताक्षरात ‘अभ्यंगोत्तर जाड्य’ असे दोन शब्द होते. आम्ही ते लिहिले होते, परंतु वाचले नव्हते.

तेल चुकले नव्हते, अवस्था चुकली होती

व्याधी आमवात होता. माधवनिदानात या व्याधीचे स्वतंत्र वर्णन आहे आणि त्यातील हेतू या रुग्णेत एकेक करून मिळत होते. विरुद्ध आहार, मंद अग्नी आणि जेवून लगेच श्रम करणे, हे सर्व तिच्या दिनक्रमात होते. आम्ही वय आणि व्यवसाय पाहिला, पण अग्नी पाहिला नाही.

आमवातात चक्रदत्ताने लंघन, स्वेदन, तिक्त-कटू-दीपन द्रव्ये, विरेचन, स्नेहपान आणि बस्ती असा क्रम दिला आहे. या यादीत स्नेह आहे, परंतु तो आरंभी नाही. आमाचे पचन झाल्यावर त्याची पाळी येते. स्वेदसुद्धा आरंभी रूक्ष हवा. त्यासाठी वालुकेची पोट्टली सांगितली जाते. आमच्या दाराशी समुद्राची वाळू होती आणि आम्ही तेलाच्या बाटल्या मागवीत होतो. आमच्या भागात ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी म्हण आहे. आम्ही तर पखालीला औषध देऊन गुण येईना म्हणून पखालच दुप्पट भिजविली होती.

आम्ही सर्व स्नेहन बंद केले. तीन दिवस केवळ शुंठीसिद्ध जल आणि उकड्या तांदळाची पातळ पेज ठेवली. नारळाचा रस, दही आणि मासळी वर्ज्य केली. बाह्योपचारात धुतलेल्या, वाळवलेल्या वाळूचा पोट्टलीस्वेद दिला. भूक लागू लागल्यावर रास्नासप्तक क्वाथ आणि रात्री शुंठीच्या काढ्यातून एरंडतेल दिले, नंतर सिंहनाद गुग्गुळ दिला. त्याच वेळी रक्ततपासणी करून घेतली. तपासण्या आमवाताच्या बाजूच्या आल्या, म्हणून तिला संधिरोगतज्ज्ञांकडेही पाठविले आणि त्यांच्या औषधांसह आपली चिकित्सा चालू ठेवली.

दिवाळीपर्यंत मुठी वळू लागल्या. परंतु उजव्या हाताच्या एका बोटाचे वक्रत्व गेले नाही आणि त्या हंगामातील पहिले दोन महिने तिला लिलावाला बसता आले नाही. ज्या व्याधीत सांध्यांची हानी आरंभीच्या काळात वेगाने होऊ शकते, त्या व्याधीत सहा आठवडे ही लहान किंमत नाही. ही किंमत तिने भरली, आम्ही नाही. प्रस्तुत लेख लिहिण्याचे खरे कारण हे आहे.

मात्रा का वाढविली जाते?

अनुपशय समोर असूनही आपण तीच वाट का धरतो, याचा आम्ही प्रामाणिकपणे विचार केला. चार कारणे आम्हांला दिसली.

पहिले कारण म्हणजे निदान बदलणे हे मात्रा बदलण्यापेक्षा अवघड आहे. मात्रा बदलण्यास क्षणभर पुरतो. निदान बदलण्यास ‘मी चुकलो’ असे स्वतःशी म्हणावे लागते. दुसरे कारण म्हणजे जितके दिवस एका उपायात गेले, तितका तो उपाय सोडणे जिवावर येते. गेलेले दिवस वाया गेले असे वाटू नये म्हणून आपण पुढचे दिवसही त्यातच घालतो. तिसरे कारण रुग्णाची श्रद्धा. ‘तुमी सांगलात म्हणान’ या शब्दांत जो विश्वास आहे तो वैद्याला सुखावतो, परंतु त्याच विश्वासामुळे रुग्ण त्रास झाकून ठेवतो. चौथे कारण, आयुर्वेदीय औषध उशिरा लागू पडते आणि अपाय करीत नाही, ही रूढ समजूत. या समजुतीमुळे प्रत्येक अपयशाला ‘अजून थोडे थांबा, अजून थोडे वाढवा’ हे उत्तर तयार असते. जे कधीही खोटे ठरू शकत नाही असे उत्तर वैद्याने स्वतःला देऊ नये.

इतरत्र घडलेले दोन प्रसंग

ही प्रवृत्ती आपल्यापुरती नाही, हे दाखविण्यासाठी दोन प्रसंग येथे देणे उपयुक्त ठरेल.

पहिला प्रसंग गुग्गुळाचा. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढ व्यक्तींवर गुग्गुळाच्या सत्त्वाचा आठ आठवड्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटास १००० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, दुसऱ्या गटास त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या गटास औषधविरहित गोळी दिली गेली. औषधविरहित गटात अपायकारक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्क्यांनी घटले. सामान्य मात्रेच्या गटात ते सुमारे ४ टक्क्यांनी आणि दुप्पट मात्रेच्या गटात सुमारे ५ टक्क्यांनी वाढले. औषध घेणाऱ्यांपैकी सहा जणांना अंगावर पुरळ उठले. या अभ्यासावर आपल्या बाजूने आक्षेप घेता येतात. ते शोधित गुग्गुळ नव्हते, सत्त्व होते. प्रकृती, अग्नी आणि आहार यांचा विचार तेथे नव्हता. हे आक्षेप आम्हांलाही मान्य आहेत. परंतु एका गोष्टीला आक्षेप नाही. ज्या स्थितीत एक मात्रा लागू पडली नाही, त्या स्थितीत दुप्पट मात्राही लागू पडली नाही. योजनाच जुळत नसेल तर परिमाण वाढवून ती जुळत नाही.

दुसरा प्रसंग आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. १९५७ साली कर्नाटकातील तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला आणि गोचिडांमार्फत पसरणारा माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यातील केर परिसरात आला. पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण आढळले. काजूच्या हंगामात बागेत आणि रानात वावरणाऱ्या माणसांना त्याची बाधा होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. या रोगाविरुद्ध कर्नाटकात १९९०च्या सुमारापासून एक लस दिली जात होती. आरंभीच्या पाहणीत तिने चांगले संरक्षण दिल्याचे दिसले. पुढे २००५ ते २०१० या काळातील पाहणीत एका मात्रेने संरक्षण मिळत नाही, दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के मिळते असे आढळले. त्यामुळे महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी आणि नंतर दरवर्षी एक अशी मात्रांची साखळी चालविली गेली. गावकरी मात्रांना कंटाळले आणि लस घेतलेल्यांनाही ताप येऊ लागला. अखेर २०२२ साली ती लस देणे थांबविण्यात आले आणि नव्या लसीच्या संशोधनाकडे लक्ष वळले.

हा प्रसंग आम्ही दुसऱ्या शास्त्राच्या अपयशाचा आनंद मानण्यासाठी सांगत नाही, आणि यावरून लसीकरणाविषयी सर्वसाधारण निष्कर्ष काढणे तर सर्वस्वी चुकीचे ठरेल. उलट यातून आपण घेण्यासारखा धडा निराळाच आहे. त्यांनी मोजले होते, म्हणून उशिरा का होईना, थांबता आले. आपल्यापैकी किती जणांच्या केसपत्रांवरून, अमुक योग अमुक व्याधीत किती रुग्णांना लागू पडला नाही, हे सांगता येईल? जो मोजत नाही त्याला थांबण्याचे कारणच सापडत नाही.

चिकाटी आणि हट्ट

येथे एक रास्त शंका निघेल. मग काय, आठ दिवसांत गुण आला नाही की औषध बदलीत सुटावे? मुळीच नाही. सुश्रुताचार्यांनी उपरोक्त वचनाला लागूनच त्याची मर्यादाही सांगितली आहे. व्याधी अत्यंत कृच्छ्रसाध्य असेल आणि योजलेली क्रियाच हितकर असेल, तर लगेच गुण दिसला नाही तरी तीच क्रिया चालू ठेवावी, असा तेथील आशय आहे.

मग चिकाटी कोणती आणि हट्ट कोणता, हे कसे ओळखावे? आमच्या मते भेद काळात नाही, तो क्रमात आहे. चिकित्सा आरंभण्यापूर्वीच वैद्याने व्याधी कृच्छ्रसाध्य आहे असे ठरविले असेल, किती काळ लागेल हे रुग्णास सांगितले असेल आणि मधल्या काळात निदान काही उपलक्षणे, उदाहरणार्थ अग्नी, निद्रा किंवा मलप्रवृत्ती, सुधारत असतील, तर ती चिकाटी होय. आरंभी व्याधी सुखसाध्य म्हणायचा आणि गुण आला नाही की मागाहून कृच्छ्रसाध्य ठरवायचा, हा हट्ट होय. किनारपट्टीवर पूर्वीपासून आढळणाऱ्या श्लीपदाचेच पाहा. एक वर्षाहून जुने, अतिशय वाढलेले आणि वारुळासारखे ग्रंथी उठलेले श्लीपद वर्ज्य समजावे, असे ग्रंथकारांनी आधीच सांगून ठेवले आहे. तेथे पूर्ण बरे करण्याचे आश्वासन देऊन वर्षानुवर्षे लेप बदलत राहणे योग्य नव्हे. पायाची स्वच्छता, जखमांची काळजी आणि वारंवार येणारा ज्वर टाळणे एवढेच ध्येय ठेवले तर रुग्ण निराश होत नाही. असाध्याची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची आणि यशाची हानी होते, हा चरकाचार्यांचा इशाराही याच अर्थाचा आहे.

जेथे थांबण्यास वेळ नाही

ज्याला आपल्याकडे लोक तापसरी म्हणतात, त्या भातलावणीच्या आणि त्यानंतरच्या दिवसांत हा विचार विशेष काटेकोरपणे करावा लागतो. आमज्वरात लंघन आणि पाचन करून वाट पाहावी, हे शास्त्र खरे आहे. परंतु शेतातील चिखलात उभा राहिलेला माणूस तीव्र ज्वर, पोटऱ्यांतील असह्य वेदना आणि लाल डोळे घेऊन आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका पहिल्याच दिवशी घ्यावी आणि तपासणी व प्रतिजैविके यांसाठी त्याला तत्काळ पाठवावे. कावीळ, मूत्र कमी होणे, श्वास लागणे, कोठूनही रक्तस्राव किंवा ग्लानी यांपैकी एकही लक्षण असेल तर काढ्याची दुसरी मात्रा देण्यात घालविलेला अर्धा दिवससुद्धा जिवावर बेतू शकतो. काजूच्या बागेतून आलेल्या ज्वरितालाही हाच नियम लावावा. येथे अनुपशयाची वाट पाहणे हीच चूक आहे.

औषधनिर्माते आणि औषधालयचालक यांच्यासाठी

अपयशाचे मूळ प्रत्येक वेळी निदानातच असते असे नाही. चिकित्सेचे भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चार पाद सांगितले आहेत. यांतील द्रव्य हा पाद आपल्या हाती आहे.

वर उल्लेखिलेल्या रास्नासप्तकाचेच पाहावे. रास्ना हे संदिग्ध द्रव्य आहे. उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीची अल्पिनिया गॅलंगा आणि बंगालकडे वांदा ही वनस्पती रास्ना म्हणून घेतली जाते. आपल्या बाटलीवर केवळ ‘रास्ना’ एवढेच छापले असेल, तर वैद्याला आपण काय देत आहोत हे कळण्यास मार्ग नाही. गुळवेलीबाबतही हीच सावधगिरी हवी. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला होता. तो आक्षेप योग्य असेल तर ओळख पटवून माल देणे हे आपलेही कर्तव्य ठरते. महासाथीच्या काळात लोकांनी हा काढा मात्रेचा विचार न करता महिनोन्‌महिने घेतला, हेही विसरू नये.

दुसरी बाब साठवणुकीची. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी हीन होते, असे शार्ङ्गधराने म्हटले आहे. कायद्याने दिलेली मुदत याहून मोठी असते, हे खरे. परंतु आषाढातील मालवणच्या हवेत उघडलेला शुंठीचूर्णाचा डबा किती दिवस टिकतो, हे ज्याने त्याने स्वतःच्या नाकाने तपासावे. गोळा झालेल्या, कुबट वासाच्या चूर्णाची मात्रा दुप्पट करून वीर्य दुप्पट होत नाही. खरल केलेल्या रसौषधींबाबत तर मात्रा वाढविणे हा विनोदाचा विषय नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी आवश्यक करण्यात आली. देशातील रुग्णाचे यकृत आणि वृक्क निर्यातीच्या रुग्णापेक्षा निराळे नसतात.

एकाच रुग्णासाठी एकच औषध वाढत्या मात्रेने तिसऱ्यांदा नेले जात असेल, तर औषधालयचालकाने ती विक्री वाढली असे समजू नये. वैद्याला नम्रपणे कळवावे. आमच्या मते वैद्य आणि औषधालय यांच्यातील सर्वांत मोलाचा व्यवहार हाच आहे.

व्यवहारात काय करावे?

आम्ही आता आमच्या दवाखान्यात पुढील क्रम पाळतो. त्यात नवीन काही नाही. जे आहे ते विसरू नये एवढाच हेतू आहे.

१. केसपत्रावर मुख्य निदानाबरोबर दुसरे संभाव्य निदानही लिहावे. ते लिहिलेले असले की अनुपशय दिसल्यावर मन त्याकडे सहज वळते.

२. चिकित्सा आरंभतानाच, कोणते लक्षण किती दिवसांत बदलावे, हे एका ओळीत लिहावे. तो दिवस उजाडला की ती ओळ मोठ्याने वाचावी.

३. प्रत्येक भेटीत ‘बरे आहे ना?’ असे न विचारता ‘औषधाने, तेलाने किंवा पथ्याने काही वाढले का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला आपल्याकडची माणसे संकोचाने होकार देतात.

४. गुण नसेल तर चारही पाद क्रमाने तपासावेत. निदान चुकले का? द्रव्य खरे आणि ताजे आहे का? मात्रा, काल आणि अनुपान योग्य आहे का? रुग्णाने औषध प्रत्यक्षात घेतले का, आणि त्याला ते परवडले का? मात्रेचा प्रश्न यांत आहे, परंतु तो तिसरा आहे, पहिला नाही.

५. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून गुण आला तरी कशाने आला हे कळत नाही, आणि अपाय झाला तरी कळत नाही.

६. दोनदा विचार करूनही गुण नसेल तर दुसऱ्या वैद्यास किंवा तज्ज्ञास दाखवावे. रुग्ण पाठविल्याने प्रतिष्ठा जाते, हा समज आम्ही स्वतःच्या अनुभवाने सोडून दिला आहे. पाठविलेले रुग्ण बहुधा परत येतात. अडवून ठेवलेले रुग्ण एकदा गेले की येत नाहीत.

७. वर्षाअखेरीस ज्या रुग्णांना गुण आला नाही त्यांची केसपत्रे वेगळी काढून पाहावीत. यशाच्या कथा आपण परिषदांत सांगतोच. या दुसऱ्या गठ्ठ्यात आपला पुढचा अभ्यासक्रम असतो.

उपसंहार

आमच्या किनाऱ्यावर रापण लावणारा जाणता रापणकर, जाळे रिकामे आले तर त्याच जागी अधिक माणसे लावून तेच जाळे ओढीत नाही. तो आधी पाण्याचा रंग, वारा आणि ओहोटी पाहतो. रिकामे जाळे त्याला काहीतरी सांगत असते. अनुपशयही आपल्याला तसेच काही सांगत असतो.

रुग्णाची निराशा औषध लागू न पडल्याने जितकी होत नाही, तितकी त्याचे सांगणे न ऐकता तेच औषध पुन्हा पुन्हा दिल्याने होते. अशा रीतीने निराश झालेला रुग्ण एका वैद्याला सोडत नाही, तो आयुर्वेदालाच सोडतो. आमच्या त्या रुग्णेने आम्हांला सोडले नाही, हे आमचे भाग्य. ती अजूनही पावसाळ्यापूर्वी येते. बोट वाकडेच आहे. ती आली की आम्ही प्रथम ते बोट पाहतो आणि मग केसपत्र उघडतो.

वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या दवाखान्यातील अनुपशयाचे असे अनुभव लेखी स्वरूपात या अंकाकडे अवश्य पाठवावेत. यशाच्या अनुभवांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, ते पुढील पिढीच्या उपयोगी पडतील.